एका नावाचे दोन धनी

वरळीत पंडित नेहरूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन संस्था आहेत. डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावर नेहरू सेंटर आहे आणि त्याच्याच आवारात, मार्च १९७७ मध्ये सुरू झालेले नेहरू तारांगण. ई. मोझेस मार्गावर नेहरू विज्ञान केंद्र आहे. ते राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे, १९८५ पासूनचे. एकीकडे घुमटाखाली आकाश दाखवतात, दुसरीकडे यंत्रे आणि विज्ञानाचे प्रयोग. दोन्ही संस्थांचे चालक वेगळे, इतिहास वेगळा, काम वेगळे. पण 'सेंटर' या शब्दाचे मराठी 'केंद्र' असेच होत असल्यामुळे आणि दोन्ही ठिकाणी विज्ञानाचाच संबंध येत असल्यामुळे नवख्या माणसाची गल्लत सहज होते. ती निरुपद्रवी असते. फार तर टॅक्सीचे भाडे वाया जाते आणि सहलीला निघालेली मुले अर्धा तास उशिरा पोहोचतात.

तीच गल्लत माणसांच्या बाबतीत, आणि त्यातही एखाद्याच्या मृत्यूनंतर झाली, तर मात्र ती निरुपद्रवी राहत नाही. साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. कर्तृत्व कोणाचे, ग्रंथ कोणाचा, हे ठरवताना आपण बहुतेक वेळा एका नावावर विसंबतो, आणि नाव हा पुरावा म्हणून किती दुबळा असतो याचा विचार क्वचितच करतो. अमेरिकेतील एक प्रकरण आणि त्याला समांतर अशी मराठीतील तीन-चार उदाहरणे एकत्र ठेवून हा प्रश्न तपासावा, असा या लेखाचा हेतू आहे.

ओळख पटणे

मराठीत 'ओळख पटणे' हा वाक्प्रचार दोन ठिकाणी विशेष करून येतो. वर्तमानपत्रात तो मृतदेहाच्या संदर्भात येतो. 'मृताची ओळख पटली' किंवा 'अद्याप पटलेली नाही' असे आपण वाचतो. दुसरा संदर्भ आकाशाचा. ज्याला आपण 'उडती तबकडी' म्हणतो, त्याच्या मूळ इंग्रजी संज्ञेत तबकडीही नाही आणि परग्रहवासीही नाहीत. ओळख न पटलेली उडती वस्तू, एवढाच तिचा अर्थ. संज्ञा निरीक्षकाच्या अज्ञानाविषयी बोलते. आपण मात्र ती वस्तूच्या स्वरूपाविषयी बोलते असे धरून चालतो.

अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भासह राज्याच्या बऱ्याच भागांतून आकाशात जळत जाणारे पट्टे दिसले. कोणी उल्का म्हटले, कोणी विमान, कोणी आणखी काही. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले. अवकाशातील वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी चीनच्या 'लाँग मार्च' अग्निबाणाच्या टप्प्याचे वातावरणात पुनरागमन झाल्याचे सांगितले. वेळ, दिशा आणि पडलेला अवशेष एकमेकांशी जुळले आणि ओळख पटली. चमत्कार संपला, पण कुतूहल वाया गेले नाही. त्याला उत्तर मिळाले.

अशी ओळख पटवण्याचे काम अमेरिकेत जवळजवळ चार दशके ज्यांनी केले, ते फिलिप ज्युलियन क्लास.

पहिले क्लास

क्लास यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९चा, आयोवा राज्यातील. शिक्षणाने ते विद्युत अभियंता. काही वर्षे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काढल्यावर ते 'एव्हिएशन वीक' या विमानविद्येच्या प्रतिष्ठित साप्ताहिकात आले आणि तेथेच दीर्घकाळ संपादकीय काम करून निवृत्त झाले. विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे हा त्यांचा खास विषय. १९६५ साली न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटर गावी दिसलेल्या दिव्यांविषयीचे पुस्तक वाचून ते उडत्या तबकड्यांच्या विषयाकडे वळले. आरंभी त्यांनी विद्युत्भारित वायूच्या गोळ्यांची उपपत्ती मांडली; त्यांचे १९६८चे पहिले पुस्तक त्या भरातले आहे. त्या उपपत्तीवर शास्त्रज्ञांनी टीका केली. पुढे क्लास यांचा भर अधिक साध्या कारणांवर राहिला: तेजस्वी ग्रह, उल्का, विमाने, फुगे, आणि अर्थातच माणसांनी केलेले बनाव.

साहित्याच्या अभ्यासकाला त्यांच्या कामातील सर्वांत ओळखीचा भाग वाटेल तो कागदपत्रांच्या चिकित्सेचा. १९८७ साली 'एमजे-१२' नावाने काही कथित गुप्त सरकारी कागद प्रसिद्धीस आले. परग्रहावरचे यान अमेरिकेत कोसळले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यासाठी बारा जणांची गुप्त समिती नेमली, असे त्यांतून सूचित होत होते. क्लास यांनी दाखवून दिले की, त्यातील ट्रूमन यांची सही १ ऑक्टोबर १९४७च्या एका खऱ्या पत्रावरील सहीशी तंतोतंत जुळते. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब एकसारखी सही करत नाही; म्हणून ही सही केलेली नव्हे, उचललेली. कागद ज्या टंकलेखन यंत्रावर छापल्याचे दिसत होते, ते यंत्रही त्या कागदावरील तारखेनंतर बऱ्याच वर्षांनी बाजारात आले होते. पाठचिकित्सेच्या तासाला आपण हेच तर शिकवतो: लेखनसाहित्याचा काळ, हस्ताक्षर, मूळ प्रतीशी ताडून पाहणे. साम्य हे नेहमीच अस्सलपणाचे लक्षण नसते. कधी कधी फार जास्त साम्य हेच नकलीपणाचे लक्षण असते, हा त्यातला मार्मिक भाग.

स्वभावाने क्लास भांडखोर होते. विरोधकांना पत्रांवर पत्रे लिहावीत, पैजा लावाव्यात, वर्षानुवर्षे पिच्छा पुरवावा, अशी त्यांची रीत. उडत्या तबकड्यांच्या अभ्यासकांना उद्देशून त्यांनी मृत्युपत्राच्या थाटात एक 'शाप'ही लिहून ठेवला होता. त्याचा आशय असा की, तुम्ही कितीही वर्षे जगलात तरी आज जेवढे ठाऊक आहे, त्याहून कणभरही अधिक तुम्हाला कळणार नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या चिकित्सकांच्या समितीत ते आरंभापासून होते. १९९९ मध्ये एका लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. ९ ऑगस्ट २००५ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

आणि त्या वार्तेबरोबर विज्ञानकथेच्या वाचकांत वेगळीच हळहळ सुरू झाली. फिलिप क्लास गेले म्हणजे आपले विल्यम टेन गेले, असे काहींना वाटले.

दुसरे क्लास

'विल्यम टेन' हे टोपणनाव. त्यामागील माणसाचे खरे नाव फिलिप क्लास. जन्म ९ मे १९२०, लंडनचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात नोकरी. पहिली कथा १९४६ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढील दोन दशकांत उपरोधिक विज्ञानकथेचा एक श्रेष्ठ लेखक म्हणून टेन यांचे नाव झाले. 'द लिबरेशन ऑफ अर्थ' या १९५३च्या त्यांच्या कथेत परग्रहवासीयांचे दोन पक्ष आळीपाळीने पृथ्वीला 'मुक्त' करत राहतात आणि या मुक्तीच्या पुण्याईने पृथ्वीची राखरांगोळी होते. युद्धांचे समर्थन करणाऱ्या भाषेवरचा इतका थंड उपहास क्वचितच आढळतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. ऑगस्ट २००५ मध्ये ते हयात होते. त्यांचे निधन झाले ७ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे आपल्या नावाच्या माणसाच्या मृत्यूनंतर साडेचार वर्षांनी.

ही गल्लत का झाली, हे बारकाईने पाहिले पाहिजे. दोघांच्या वयात फक्त सहा महिन्यांचे अंतर. दोघेही अमेरिकेतील ज्यू लेखक. दोघांचाही परग्रहवासीयांशी संबंध. एकाने त्यांच्या कथा लिहिल्या, दुसऱ्याने त्यांच्या कथा खोट्या ठरवल्या. नावात फरक एका आद्याक्षराचा, आणि आद्याक्षर बोलताना गळून पडते. म्हणजे चूक करणाऱ्याने विचार केला नाही असे नाही. त्याने नावाबरोबर वय पाहिले, विषय पाहिला, आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या चुकीला दुजोराच देत गेली.

याहून लक्षणीय बाब निराळी आहे. ज्याला केवळ 'विल्यम टेन' एवढेच ठाऊक होते, त्या सामान्य वाचकाची गल्लत होणे शक्यच नव्हते. गल्लत झाली ती टोपणनावामागचे खरे नाव ठाऊक असलेल्या जाणकाराची. निव्वळ अज्ञान कित्येकदा सुरक्षित असते; घसरते ते अर्धे ज्ञान. उडत्या तबकड्या पाहिल्याचे सांगणाऱ्यांत वैमानिक आणि पोलीसही असत, आणि अनुभवी माणसाचीही आकाशातील अंतराबाबत फसगत होऊ शकते, हे क्लास यांना वारंवार दाखवून द्यावे लागे. त्यांच्या स्वतःच्या मृत्यूनंतर त्याच नियमाचा प्रत्यय आला.

अफवेपासून हा प्रकार वेगळा काढला पाहिजे. मार्च १९७९ मध्ये लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची घोषणा होऊन त्यांना श्रद्धांजलीही वाहिली गेली. जयप्रकाश त्या वेळी मुंबईत, जसलोक रुग्णालयात, जिवंत होते. त्यांचे निधन झाले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. तेथे माणूस बरोबर होता, वार्ता खोटी होती. क्लास यांच्या बाबतीत वार्ता खरी होती, माणूस चुकीचा होता. पहिली चूक दुरुस्त झाली की सर्वांना आनंद होतो, कारण कोणीच मेलेले नसते. दुसरी चूक दुरुस्त झाली तरी एक माणूस मेलेलाच असतो. 'आपले नव्हेत, ते दुसरे' असे म्हणून वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि त्या निःश्वासात खऱ्या मृताचे रूपांतर 'दुसरा' या शब्दात होते. नामसाम्याचा खरा अन्याय जिवंताला मृत ठरवण्यात नाही. तो मृताला त्याच्या स्वतःच्या मृत्यूच्या वार्तेत परका ठरवण्यात आहे.

राजवाडे आणि राजवाडे

हा 'दुसरा' आपल्याकडेही आहे, आणि तो आपल्या ग्रंथालयांतच आहे.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड, 'राधामाधवविलासचंपू'ची प्रदीर्घ प्रस्तावना, १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची जुनी संहिता, 'महिकावतीची बखर' हे त्यांचे कार्य मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. अस्सल कागदाशिवाय एक पाऊल टाकायचे नाही, बखरीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, आणि प्रतिपक्षाची गय करायची नाही, हा त्यांचा बाणा. परग्रहवासीयांचा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नाही. आला असता तर त्यांनी क्लास यांच्याप्रमाणेच मूळ कागद मागितला असता, याविषयी आम्हाला शंका नाही.

आता ग्रंथालयाच्या इंग्रजी सूचीत 'व्ही. के. राजवाडे' हे नाव शोधावे. तेथे यास्काच्या निरुक्ताची इंग्रजी आवृत्ती मिळते: पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४० साली प्रसिद्ध केलेली. इतिहासाचार्य जाऊन तेव्हा चौदा वर्षे झालेली होती. हे ग्रंथकर्ते म्हणजे त्यांचे थोरले बंधू, संस्कृतचे प्राध्यापक वैजनाथ काशिनाथ राजवाडे. निरुक्ताचे मराठी भाषांतरही त्यांचेच. मराठीत 'वि. का.' आणि 'वै. का.' एवढा फरक उरतो: एका वेलांटीच्या जागी दोन मात्रा. रोमन लिपीत तोही उरत नाही. विश्वनाथ आणि वैजनाथ या दोघांचेही आद्याक्षर एकच, वडिलांचे नाव एकच, आडनाव एकच.

येथे कोणी म्हणेल की, मृत्यूची तारीख पाहिली की प्रश्न सुटला; १९२६ साली गेलेला माणूस १९४० साली पुस्तक कसे काढेल? परंतु इतिहासाचार्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतरही प्रसिद्ध होत राहिले. त्यांचा 'मराठी धातुकोश' १९३७ साली आणि 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' १९४२ साली बाहेर आला. म्हणजे धाकट्या बंधूंचा मरणोत्तर धातुकोश आणि मरणोत्तर व्युत्पत्तिकोश यांच्या बरोबर मध्ये थोरल्या बंधूंचे निरुक्त प्रसिद्ध झाले. तिन्ही ग्रंथांचा विषय शब्दांची व्युत्पत्ती. इतिहासाचार्यांना व्युत्पत्तीचे वेड होते हे जो जाणतो, तोच १९४० सालचे निरुक्त त्यांचे मरणोत्तर पुस्तक समजण्याचा संभव अधिक. येथेही घसरण अर्ध्या ज्ञानाचीच, आणि येथेही प्रत्येक आनुषंगिक पुरावा चुकीला दुजोरा देणारा.

परिणामही तोच. वैजनाथ राजवाडे यांचा उल्लेख करताना 'इतिहासाचार्यांचे बंधू' हे विशेषण आपल्याला जोडावे लागते. ते थोरले, तरी साहित्याच्या इतिहासात ते 'दुसरे' राजवाडे. वेदविद्येच्या अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर त्यांच्या निरुक्ताला जे स्वतंत्र स्थान मिळायला हवे, त्याच्या आड हे विशेषण येते. त्यातच नासदीय सूक्तावर भाष्य लिहिणारे आहिताग्नी शंकर रामचंद्र राजवाडे यांची भर घातली म्हणजे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एकच अखंड राजवाडे का अवतरतात, ते कळते. ज्या इतिहासाचार्यांनी 'महिकावतीची बखर' संपादली, त्या महिकावतीच्या नावाचाही असाच पेच आहे. एक माहीम वरळीच्या शेजारचे आणि दुसरे पालघरकडचे केळवे-माहीम. बखर वाचणाऱ्याने आपण कोणत्या माहीमात उभे आहोत, हे पानोपानी तपासावे लागते.

एक का दोन?

नामसाम्यामुळे दोघांचा एक होतो, तशी एकाचे दोन झाल्याची शंकाही येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानदेव दोन होते, असा पक्ष मांडला. ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव लिहिणारे नाथपंथी, तत्त्वज्ञ ज्ञानदेव वेगळे. अभंग लिहिणारे विठ्ठलभक्त ज्ञानदेव वेगळे. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्तीचा उच्चार नाही आणि अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीच्या भाषेहून अर्वाचीन दिसते, हे त्यांचे प्रमुख आधार. अभ्यासकांनी हा पक्ष बहुतांशी मान्य केला नाही. अभंग तोंडोतोंडी टिकले, त्यामुळे त्यांची भाषा पिढ्यांबरोबर बदलत गेली. आणि एकाच कवीची भाष्यातली वाणी व भजनातली वाणी निरनिराळी असू शकते, हे उत्तर अधिक पटणारे ठरले. तरीही भारदे यांचा प्रश्न व्यर्थ नव्हता. त्या प्रश्नामुळेच ज्ञानदेवांच्या अभंगांकडे भाषेचा पुरावा म्हणून पाहण्याची गरज निर्माण झाली.

नामदेवांच्या बाबतीत मात्र दोनपणाची शंका खरी ठरली. संत नामदेवांच्या गाथेत, त्यांच्यानंतर सुमारे अडीच शतकांनी झालेल्या विष्णुदास नामा या कवीची रचना मिसळलेली आहे, हे आज मान्य आहे. 'नामा म्हणे' ही मुद्रा दोघांचीही. भाविकाला त्याने काही बिघडत नाही. तो अभंग देवाला म्हणतो, कवीला नव्हे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर विष्णुदास नामा या कवीच्या ओळी त्याच्याहून मोठ्या नावाच्या खात्यावर जमा झाल्या. त्याचे मरण कोणी दुसऱ्याचे समजले नाही. त्याचे आयुष्यच दुसऱ्याचे समजले गेले.

एक माणूस, दोन नावे

क्लास प्रकरणाची नेमकी उलटी बाजू मराठीतच सापडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पारितोषिक मिळाले आणि मग हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर असल्याचे उघड झाले. ना. वि. ज. ही ज. वि. ना. या आद्याक्षरांची उलटी मांडणी. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. उत्तरपत्रिकेवर आपण नाव न लिहिता आसनक्रमांक लिहायला लावतो, त्यातला न्याय हाच आहे.

अमेरिकेत एकाच नावाच्या दोन माणसांनी जी दोन कामे वाटून घेतली, ती आपल्याकडे या एकाच माणसाने केली. नारळीकरांनी परग्रहवासी आणि काळप्रवास यांच्या कथा लिहिल्या. 'यक्षांची देणगी' आणि 'वामन परत न आला' वाचून मराठी वाचकांची एक पिढी वाढली. त्याच नारळीकरांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. २००८ साली महाराष्ट्रातील ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन, हुशार मूल कोणते आणि मतिमंद मूल कोणते, ते ओळखायला सांगण्यात आले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांच्या अचूकतेचे प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणे फेकून मिळाले असते त्याच्या आसपास. आणि परग्रहावरील जीवसृष्टीचा प्रश्न त्यांनी थट्टेवारी नेला नाही. २००१ आणि २००५ साली ४१ किलोमीटर उंचीपर्यंत फुगे पाठवून तेथील हवेत सूक्ष्मजीव आहेत का, हे तपासण्याच्या प्रयोगांत त्यांनी पुढाकार घेतला.

२० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ओळखीचा गोंधळ होण्याचे कारण नव्हते. पण त्या एका नावाखाली कथाकार, खगोलशास्त्रज्ञ आणि चिकित्सक असे तिघे नांदत होते. यातून क्लास प्रकरणाविषयीही एक गोष्ट लक्षात येते. परग्रहवासीयांची कथा लिहिणारा आणि परग्रहवासी आल्याचा पुरावा मागणारा, हे दोघे एकमेकांचे शत्रू नसतात. कल्पना करणारा 'असे असते तर' म्हणतो. 'असे आहे' म्हणण्याची घाई तो करत नाही. घाई करणारा तिसराच असतो. म्हणून २००५ साली दोन क्लासांची गल्लत करणाऱ्या वाचकाची चूक व्यक्तीबाबत होती. दोघांच्या वृत्तीत त्याला नाते जाणवले असेल, तर ते सर्वस्वी खोटे नव्हते.

मृत्युलेखाचे काम

मग उपाय काय? आद्याक्षरे पूर्ण लिहावीत, जन्ममृत्यूची वर्षे द्यावीत, टोपणनावाची नोंद करावी, हे ग्रंथपालाचे उपाय योग्यच आहेत. मराठीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या तिपदरी नावाची सोय आहे; ती आपण आद्याक्षरांत संक्षेपतो आणि मग अडचणीत येतो. पण सख्ख्या भावांपुढे तिचेही काही चालत नाही, हे राजवाड्यांनी दाखवलेच आहे.

खरा उपाय लेखनाच्या स्वरूपात आहे. आचार्य अत्र्यांनी आपल्या 'मराठा'तून मृत्युलेख हा वाङ्मयप्रकार ज्या उंचीवर नेला, तेथे नामसाम्याला जागाच राहत नाही. अत्र्यांचा अतिशयोक्तीचा सोस मान्य करूनही म्हणावे लागेल की, त्यांच्या मृत्युलेखातला माणूस त्याच्या बोलण्यातून, भांडणांतून, लकबींतून उभा राहतो. त्यातील नाव पुसून टाकले तरी गेलेला माणूस कोण, हे वाचकाला कळावे. याउलट, पदे आणि पुरस्कार यांची यादी देणारा मृत्युलेख कोणाच्याही नावाला चिकटवता येतो. क्लास यांचे वर्णन 'परग्रहवासीयांविषयी लिहिणारे ज्येष्ठ लेखक' एवढेच केले, तर ते दोघांनाही लागू पडते. 'सहीचे अतिसाम्य दाखवून बनावट कागद उघडे पाडणारे' असे म्हटले, तर ते एकालाच लागू पडते. पृथ्वीला पुनःपुन्हा मुक्त करणाऱ्यांची कथा लिहिणारा फिलिप क्लासही एकच.

आमच्या मते साहित्याच्या अध्यापनात याला महत्त्व आहे. 'अमुक लेखकाचा परिचय लिहा' या प्रश्नाला विद्यार्थी जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा आणि गौरव या चार रकान्यांत उत्तर देतो, आणि ते उत्तर कित्येकदा शेजारच्या लेखकाच्या नावावरही खपून जाते. आज माहितीच्या शोधयंत्रांनी आणि आपोआप परिच्छेद जुळवणाऱ्या साधनांनी हीच रकान्यांची पद्धत अवलंबली आहे. एकाचे छायाचित्र, दुसऱ्याचे जन्मवर्ष आणि तिसऱ्याची ग्रंथसूची एका नावाखाली गोळा करणे त्यांना अवघड नाही. अशा वेळी 'हे कशावरून?' आणि 'हाच कशावरून?' हे दोन प्रश्न विद्यार्थ्याच्या जिभेवर असले पाहिजेत. पहिला प्रश्न सर्वच चिकित्सकांचा. दुसरा खास साहित्याच्या इतिहासकाराचा, आणि तो विचारायचे आपण अधिक वेळा विसरतो.

वैजनाथ राजवाड्यांनी ज्याचे भाषांतर केले, त्या निरुक्तात नामांविषयीचा एक जुना वाद नोंदलेला आहे. सर्व नामे धातूंपासून, म्हणजे क्रियांपासून निघतात, असा शाकटायनाचा पक्ष. सर्वच नामांना हे लागू नाही, असा गार्ग्याचा आक्षेप. व्याकरणात कोण बरोबर, हे त्या शास्त्राच्या जाणकारांनी ठरवावे. माणसांच्या नावांपुरते बोलायचे तर जन्माने मिळालेले नाव गार्ग्याच्या बाजूचे असते. ते कोणत्याही क्रियेतून आलेले नसते, म्हणून ते दोघांना सहज मिळू शकते. पण माणूस गेल्यावर ते नाव एकट्याचे होते, ते त्याने जे केले त्यामुळेच, आणि ते कोणीतरी नेमके सांगितले तरच.